सार्जंट टॉमी प्रिन्स : राहिलेली अर्धी गोष्ट

फील्डक्राफ्टच्या तासाला मी दरवर्षी एक गोष्ट सांगतो. नवी तुकडी आली की पालथे पडून सरपटण्याचा सराव सुरू होतो, कोपरे-ढोपरे सोलवटतात, मुले कुरकुरायला लागतात. मग त्यांना झाडाखाली बसवायचे आणि इटलीतल्या त्या शेतघराची गोष्ट काढायची. तुटलेली टेलिफोनची तार, आणि शत्रूच्या डोळ्यांदेखत ती जोडणारा कॅनडाचा एक सार्जंट. गोष्ट संपली की टाळ्या पडतात, मी घड्याळ बघतो आणि तास संपतो.

गेल्या सत्रात आठवीच्या एका छात्राने टाळ्या थांबल्यावर हात वर केला. लढाई संपल्यावर त्या सार्जंटचे पुढे काय झाले, असे त्याने विचारले. मी म्हणालो, राजाच्या हातून पदके घेतली आणि घरी गेला. यातला शब्दही खोटा नव्हता. तरी त्या मुलाचे समाधान झाले नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. त्याच्या घरी निवृत्त फौजी आजोबा आहेत. घरी गेलेल्या फौजीची गोष्ट तिथे संपत नाही, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक असणार. म्हणून मराठी पानासाठी या वेळी काहीतरी लिहून द्या असे सांगण्यात आले, तेव्हा राहिलेली अर्धी गोष्टच लिहायची ठरवली.

त्याचे पूर्ण नाव थॉमस जॉर्ज प्रिन्स. सगळे त्याला टॉमी म्हणत. मीही त्याला 'तो'च म्हणणार आहे. मी स्वतः सिग्नल्समध्ये लाइनमन म्हणून भरती झालो आणि शिपाई, नाईक, हवालदार असा वर चढलो. सार्जंट हा आमच्याच पायरीवरचा माणूस, त्याला आदरार्थी बहुवचन लावले तर तोच अवघडेल.

जन्म २५ ऑक्टोबर १९१५चा. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग शहराच्या उत्तरेला, एका कापडी तंबूत. घरात अकरा भावंडे. जमात सोटो, म्हणजे ओजिब्वे लोकांची पश्चिमेकडे सरकलेली शाखा. सोटो आणि त्यांचे शेजारी क्री हे दोन्ही त्या मुलुखातले शिकारी आणि सापळे लावणारे लोक. टॉमीचा एक पूर्वज पेग्विस नावाचा मोठा सरदार होता. स्कॉटलंडकडचे गोरे वसाहतवाले रेड नदीच्या काठी उतरले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यांत ते उपाशी मरायचे ते या पेग्विसच्या मदतीने जगले. १८१७ साली सोटो आणि क्री सरदारांनी लॉर्ड सेलकर्कशी करार केला, त्यात पेग्विसचे नाव आहे. पुढे १८७१ साली कॅनडा सरकारशी जो पहिला क्रमांकाचा करार झाला, त्यावर पेग्विसच्या मुलाची निशाणी आहे. करार, जमीन आणि दिलेला शब्द या गोष्टी त्या घरात रोजच्या बोलण्यातल्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टॉमी पाच वर्षांचा असताना कुटुंब ब्रोकनहेड नावाच्या राखीव वस्तीत राहायला आले. बाप शिकार करी आणि सापळे लावी. हा धंदा काय असतो हे आपल्या मुलांना सांगायला हवे. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश जातो. नद्या, तळी, दलदल सगळे गोठते. जनावरांच्या अंगावरची लव त्याच दिवसांत दाट होते, म्हणून सापळ्यांचा हंगामही तोच. बीव्हर, मस्करॅट, मिंक अशा जनावरांच्या वाटा हेरून ओढ्यांच्या कडेने मैलोन् मैल सापळ्यांची रांग लावायची. मग बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणे बांधून ती रांग पुन्हा पुन्हा फिरून तपासायची. सापडलेले जनावर सोलायचे, कातडे फळीवर ताणून वाळवायचे, वसंतात व्यापाऱ्याकडे न्यायचे. एक सापळा चुकीच्या जागी लावला तर तेवढी मेहनत फुकट. वारा कुठून येतो, काल रात्री बर्फ कधी पडला, ठशाच्या कडा कोवळ्या आहेत की कडक झाल्या आहेत, हे वाचता आले नाही तर घरी चूल पेटत नाही. आपल्याकडे फासेपारधी माग काढताना ज्या बारकाईने जमीन बघतात, तीच ही विद्या. आम्ही ती तीन महिन्यांच्या कोर्समध्ये शिकवायचा प्रयत्न करतो. टॉमीने ती चालायला लागल्यापासून उचलली.

मग त्याला एल्कहॉर्न येथील निवासी शाळेत पाठवले. या शाळा सरकार आणि चर्च मिळून चालवत. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवायचे, त्यांची भाषा आणि रीत पुसून टाकायची, हा त्यांचा उघड हेतू होता. कित्येक मुलांचे तिथे अतोनात हाल झाले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत उभे राहून त्याबद्दल माफी मागितली. निवासी शाळेच्या मासिकात हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो. आपली मुले इथे आपल्या आणि आईबापांच्या राजीखुशीने येतात, सुट्टीत घरी जातात, रविवारी फोनवर आपल्या भाषेत बोलतात. शब्द एकच असला तरी त्या शाळा आणि ही शाळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

त्याच शाळेत टॉमी आर्मी कॅडेट झाला. गणवेश अंगावर चढला की तो खूश असे. नेमबाजी बापाकडून आलेली होतीच, कॅडेट असताना ती पक्की झाली. शंभर मीटरवरून पत्त्याच्या पानाएवढ्या लक्ष्यात पाच गोळ्या बसवण्यापर्यंत त्याचा हात गेला होता. आपल्या फायरिंगच्या निकालाचा तक्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मनातल्या मनात तुलना करावी.

त्याला वकील व्हायचे होते. आठवी झाली आणि पैशाअभावी शिक्षण थांबले. जगभर मंदीचे दिवस होते. त्याने लाकूडतोड केली, पडेल ते काम केले, आणि शिकार व सापळे होतेच. फौजेत भरती व्हायला तो अनेकदा गेला. अटींत बसत असूनही त्याला परत पाठवले गेले. महायुद्ध सुरू झाल्यावर मात्र माणसे हवी होती. ३ जून १९४० रोजी तो भरती झाला आणि इंजिनिअर्समध्ये सॅपर म्हणून इंग्लंडला गेला.

इंग्लंडमध्ये खंदक आणि पहारा यात दोन वर्षे गेली. १९४२ साली पॅराशूटसाठी स्वेच्छेने नावे मागवली, तेव्हा हा पुढे झाला. तिथून तो 'फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्स' या तुकडीत पोहोचला. ही तुकडी निराळीच होती. अमेरिकन आणि कॅनेडियन सैनिक एकाच रांगेत, एकाच गणवेशात. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात हेलेना गावाजवळ त्यांचे प्रशिक्षण झाले: उडी मारणे, सुरुंग, बर्फावरची घसरण, कडे चढणे, नुसत्या हातांनी लढणे. भरतीच्या वेळी लाकूडतोडे, शिकारी, जंगलरक्षक अशी माणसे मुद्दाम मागवली होती. टॉमीसारख्याला घरी आल्यासारखेच वाटले असेल.

ही तुकडी नोव्हेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. डिसेंबरच्या सुरुवातीला माँते ला दिफेन्सा या डोंगराचा मागचा सरळ कडा रात्री दोरांनी चढून त्यांनी माथा घेतला. जर्मनांनी त्या बाजूला पहाराच ठेवला नव्हता, कारण तिथून कोणी येईल असे त्यांना वाटले नव्हते. तानाजीची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलांना मी यावर अधिक काय सांगणार!

त्यानंतर अँझिओ. फेब्रुवारी १९४४पासून तीन महिने ही तुकडी मुसोलिनी कालव्याच्या काठी सुमारे तेरा किलोमीटरची आघाडी धरून बसली. माणसे हजार-तेराशे. रात्री तोंडाला काळे फासून ते शत्रूच्या रांगांत शिरत. टॉमीच्या पिशवीत गावाकडचे मऊ कातड्याचे जोडे, मोकॅसिन, असत, असे सांगतात; रात्रीच्या कामाला बूट काढून तो ते घाली.

आता तो दिवस. ८ फेब्रुवारी १९४४, लिट्टोरिया गावाजवळ. टॉमी एकटा एका रिकाम्या शेतघरात शिरला. जर्मन जागा तिथून अवघ्या दोनशे मीटरवर. आपल्या बाजूकडून त्याने सुमारे चौदाशे मीटर टेलिफोनची तार ओढत आणली होती. तो शत्रूच्या तोफांच्या जागा बघून फोनवर सांगे, आणि आपला तोफखाना त्यावर मारा करी. काम छान चालले होते. तेवढ्यात गोळाबारीत तार तुटली आणि फोन मुका झाला.

इथे मी माझ्या धंद्याचे थोडे बोलतो. तार तुटली की लाइनमनला आधी तुटलेली जागा शोधावी लागते. तार तळहातातून सरकवत, तिच्या कडेकडेने चालत जायचे. एक टोक हाती लागले तरी दुसरे टोक जवळ असेलच असे नाही. स्फोटाने किंवा गाडीच्या चाकात अडकून ते दहा-वीस पावले दूर गेलेले असते. दोन्ही टोके सापडली की वरचे आवरण सोलायचे, आतली तार घासून स्वच्छ करायची, गाठ मारायची, पीळ द्यायचा, पट्टी गुंडाळायची. राजस्थानात सरावाच्या वेळी रणगाड्यांनी आमची लाइन चिरडली, की हे काम आम्ही दोघे-तिघे मिळून करायचो. आमच्यावर कोणी गोळी झाडत नसे. तरी रात्री, घाईत, वरून एक्सचेंजवाला ओरडत असताना बोटे थरथरायची. हे काम भर दिवसा, दोनशे मीटरवर शत्रू बघत असताना करायचे, ही कल्पना मला आजही नीट करता येत नाही.

टॉमीने घरात पडलेले शेतकऱ्याचे कपडे अंगावर चढवले. खुरपणी करायला निघाल्यासारखा बाहेर आला. तारेच्या कडेने हळूहळू तण काढत चालू लागला. तुटलेली जागा दिसली, तशी बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकला आणि वाकल्या वाकल्या तार जोडली. मग लगेच परत फिरला नाही. आपल्या शेतात लढाई आणलीत म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यासारखी त्याने आधी जर्मनांकडे मूठ नाचवली, मग आपल्या लोकांकडेही नाचवली, आणि रमतगमत घरात गेला. फोन पुन्हा सुरू झाला. तो एकूण चोवीस तास तिथे होता. त्याच्या सांगण्यावरून झालेल्या माऱ्यात शत्रूच्या चार तोफजागा निकामी झाल्या. या कामगिरीसाठी त्याला मिलिटरी मेडल मिळाले.

मुले या ठिकाणी त्याच्या धाडसाला टाळ्या देतात. मला कौतुक वाटते ते परत न धावण्याचे. तार जोडून झाली होती, जीव मुठीत होता, घर समोर दिसत होते. तरी तो शेतकऱ्याच्याच चालीने चालत राहिला. सापळ्याजवळून माघारी येताना जनावर बुजू नये म्हणून जो सावकाशपणा लागतो, तोच हा असावा.

त्याच वर्षी, त्याच इटलीत आपले मराठा जवानही लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे आपल्या छात्रांना पाठ आहे. आघाडी निराळी, पण मोहीम एकच.

ऑगस्टमध्ये टॉमीची तुकडी दक्षिण फ्रान्समध्ये उतरली. १ सप्टेंबर १९४४ रोजी तो एका शिपायाला घेऊन लेस्कारेन गावाकडच्या डोंगरांत शत्रूच्या रांगांमागे गेला आणि राखीव फौजेचा तळ शोधून काढला. परतताना वाटेत जर्मनांनी काही फ्रेंच बंडखोरांना घेरलेले दिसले. या दोघांनी लपून नेम धरून एकेक जर्मन टिपायला सुरुवात केली. शेवटी जर्मन मागे हटले. बंडखोरांच्या प्रमुखाला वाटले, मोठी तुकडी मदतीला आली आहे. समोर दोनच माणसे बघून तो चकित झाला. त्याने टॉमीसाठी फ्रेंच पदकाची शिफारस लिहून पाठवली, पण ती घेऊन निघालेला माणूस वाटेतच मारला गेला. टॉमी तळावर परतला, बातमी दिली, आणि न झोपता फौजेला वाट दाखवायला पुन्हा निघाला. तीन दिवस-रात्री, सुमारे सत्तर किलोमीटर डोंगर, अन्नपाणी जवळजवळ नाहीच. सुमारे हजार जर्मन कैद झाले. याबद्दल अमेरिकेचे सिल्व्हर स्टार मिळाले. १२ फेब्रुवारी १९४५ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्ज राजाने दोन्ही पदके त्याच्या छातीवर लावली. ही दोन्ही पदके मिळालेले कॅनेडियन सैनिक त्या युद्धात अवघे तीन.

माझी गोष्ट दरवर्षी इथेच थांबते.

तो जून १९४५ मध्ये फौजेतून मोकळा झाला आणि पुन्हा लाकडाच्या कामावर गेला. पुढच्या वर्षी एका नाचाच्या ठिकाणी एका बाईने फुटक्या बाटलीने त्याच्या गालावर वार केला. चौसष्ट टाके पडले. त्याने गाव सोडले, विनिपेगमध्ये आला आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी मदतीवर साफसफाईचा छोटा व्यवसाय सुरू केला. एक गाडी, थोडे सामान. धंदा बरा चालला होता.

मॅनिटोबातल्या मूळ रहिवाशांच्या संघटनेने त्याच वेळी त्याला आपला प्रतिनिधी निवडले. १८७६च्या इंडियन अ‍ॅक्ट या कायद्याखाली त्या लोकांचे सगळे जगणे एका सरकारी एजंटाच्या हातात होते. माजी सैनिकांना मिळणारे लाभही राखीव वस्तीतल्या सैनिकाला त्याच एजंटामार्फत घ्यावे लागत. जमिनीच्या हक्कासाठी वकील लावायला पैसे गोळा करणे हा १९२७पासून गुन्हा होता! कायदा बदलण्यासाठी संसदेची समिती बसली आणि जून १९४७ मध्ये टॉमी ओटावाला तिच्यासमोर उभा राहिला. वकील होऊ न शकलेला मुलगा, पणजोबांचे करार हातात घेऊन. शिकार, सापळे आणि मासेमारीचे जे हक्क करारात दिले होते ते पाळा, लोकांना आपला कारभार आपण करू द्या, असा त्याचा मुद्दा होता. संसदेतली भाषा आणि कायद्याचा किस यांनी तो थकून जाई. अँझिओला शत्रू समोर दिसत तरी होता. कायदा १९५१ साली थोडा बदलला, वकिलाच्या पैशांवरची बंदी गेली. राखीव वस्तीतल्या सर्वसाधारण माणसाला देशाच्या निवडणुकीत कुठल्याही अटीशिवाय मत मिळाले ते १९६० साली.

तो ओटावात असताना त्याचा व्यवसाय ज्या मित्रांकडे सोपवला होता त्यांनी गाडी ठोकली आणि भंगारात विकली. परतल्यावर पुन्हा लाकूडतोड, सिमेंटच्या कारखान्यात मजुरी.

ऑगस्ट १९५० मध्ये कोरियासाठी भरती निघाली, तसा तो पुन्हा हजर झाला. वय पस्तिशीला आलेले, गुडघे कुरकुरत असलेले. 'प्रिन्सेस पॅट्रिशियाज' या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत सार्जंट. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्याने आठ जणांना घेऊन रात्री छापा घातला आणि पहाटेच्या आत शत्रूच्या दोन मशिनगन घेऊन परतला. पण मग वरिष्ठांनी त्याला गस्तीची कामे कमी द्यायला सुरुवात केली. तो फार धोका पत्करतो, सोबतची मुले नाहक मरतील, असे त्यांना वाटले. मी त्या अधिकाऱ्यांच्या बाजूचा आहे. एकट्याने शेतघरात जाणे वेगळे आणि वीस वर्षांच्या आठ पोरांना मागे घेऊन जाणे वेगळे. टॉमीचा एकही दोष न सांगता त्याचे चरित्र लिहिले, तर ते त्याचे राहणार नाही.

२४ आणि २५ एप्रिल १९५१च्या रात्री काप्योंगच्या खोऱ्यात त्याच्या पलटणीने ६७७ क्रमांकाची टेकडी धरून ठेवली. सुमारे सातशे माणसे. चिनी सैन्य चारी बाजूंनी आले. एका कंपनीने शेवटी स्वतःच्याच जागेवर तोफा डागायला सांगितले. दारूगोळा विमानातून टाकावा लागला. टेकडी पडली नाही. पलटणीचे दहा जण मेले, तेवीस जखमी झाले आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सन्मानपत्र पलटणीला मिळाले.

त्या ब्रिगेडच्या जखमींना सांभाळणारी तुकडी आपली होती, हे मात्र आपल्या छात्रांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, महावीरचक्र. ही तुकडी त्या राष्ट्रकुल ब्रिगेडला जोडलेली होती. प्योंगयांग सोडून माघार घेताना औषधे आणि उपकरणे टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा या लोकांनी एक जुने वाफेचे इंजिन शोधले, त्याला डबे जोडले, स्वतःच चालवले आणि पूल उडवण्याआधी सगळे सामान पलीकडे नेले. टॉमीची पलटण ज्या ब्रिगेडमध्ये लढली, तिच्या मलमपट्टीला भारतीय हात होते. युद्धबंदीनंतर कैद्यांची जबाबदारी घेणारे भारतीय दलही कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शं. पां. पा. थोरातांच्या हाताखाली होते. पण ती एक स्वतंत्र गोष्ट आहे, पुढच्या अंकासाठी कोणा छात्राने लिहावी.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून टॉमीला परत पाठवले. तो बरा झाला तसा पुन्हा अर्ज करून ऑक्टोबर १९५२ मध्ये तिसऱ्या पलटणीबरोबर कोरियाला निघाला. नोव्हेंबरमध्ये 'द हूक' नावाच्या जागेवर जखमी झाला. जुलै १९५३ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा तो इस्पितळात होता. पुढच्या वर्षी फौज कायमची सुटली.

जून १९५५ मध्ये विनिपेगच्या अलेक्झांडर धक्क्यावर एक माणूस नदीत पडला. दुखऱ्या गुडघ्यांच्या टॉमीने उडी मारली आणि त्याला बाहेर काढले.

संसार झाला, पाच मुले झाली. मिळेल ते काम, वाढत गेलेला संधिवात, आणि दारू. १९६४ साली नवरा-बायको वेगळे झाले, मुले सरकारने दुसऱ्या घरांत वाढायला दिली. अखेरच्या काळात तो बेघरांसाठी चालवलेल्या वसतिगृहात राहत होता. पदके एकेक करून हातची गेली.

दारूबद्दल लिहू की नको, यावर मी बराच विचार केला. पालक हे पान वाचतात. पण माझ्या तुकडीत एक लाइनमन होता. अंधारात नुसत्या बोटांनी तारेचा तुटका जोड ओळखायचा, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांनी तो मला एका रेल्वे स्टेशनच्या बाकावर दिसला. कपडे मळलेले, तोंडाला वास. त्याने मला ओळखले, हे मला कळले. मी वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड घातले आणि गाडी आल्यावर चढलो. त्यानंतर त्याची गाठ पडली नाही. आठवीच्या त्या छात्राला मी अर्धेच उत्तर दिले, त्यात या बाकाचाही भाग होता.

टॉमी प्रिन्स २५ नोव्हेंबर १९७७ रोजी विनिपेगच्या डीअर लॉज इस्पितळात वारला. वय बासष्ट. अंत्यविधीला पाचशेहून अधिक माणसे आली. त्याच्या रेजिमेंटच्या सैनिकांनी शवपेटीला खांदा दिला. फ्रान्स, इटली आणि अमेरिका यांचे प्रतिनिधी उभे होते. ब्रोकनहेडच्या पाच तरुणांनी ढोलावर योद्ध्याच्या मरणाचे गाणे म्हटले. ज्या वसतिगृहात तो राहत असे, तिथे त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्यांपैकी किती जणांना तोवर तो कोण हे माहीत होते, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

पदके हातोहात फिरत राहिली. ऑगस्ट २००१ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात त्यांचा लिलाव झाला. कुटुंबाने, माजी सैनिकांनी आणि लोकांनी वर्गणी जमवली होती. बोली चढत गेली, ती पंचाहत्तर हजार डॉलरवर त्यांच्याकडे थांबली. आता ती विनिपेगच्या मॅनिटोबा संग्रहालयात आहेत. पुढच्या वर्षी, २००२ साली, एजंटाच्या कारभारामुळे लाभांपासून वंचित राहिलेल्या मूळ रहिवासी सैनिकांना सरकारने प्रत्येकी वीस हजार डॉलरपर्यंत भरपाई देऊ केली. टॉमीला जाऊन पंचवीस वर्षे होत आली होती. २०२२ साली त्याचे टपाल तिकीट निघाले. विनिपेगमध्ये एका आर्मी कॅडेट कोअरला त्याचे नाव आहे. आठवी-नववीची मुले ते नाव लावून परेडला उभी राहतात.

आठवीच्या त्या छात्राला मी हे सगळे रविवारी मेसच्या मागच्या कट्ट्यावर बसून सांगितले. त्याने मधे एकदाही विचारले नाही. उठताना म्हणाला की सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांना तो हे वाचून दाखवील, त्यांना दिसत कमी, म्हणून अक्षर मोठे छापता आले तर बरे. संपादकांना मी तसे कळवले आहे.